कडेनं भरलं

डॉटीनं लव्हॉनला लाथ मारली तेव्हा निम्मा मका अजून शेतात उभा होता आणि बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतं. डॉटी ही आमच्या गोठ्यातली सहाव्या जागेवरची गाय. तिच्या मागच्या सडाला भेग पडली होती, म्हणून लव्हॉन वाकून मलम लावत होती. मी शेजारच्या गाईला दूध काढायचं यंत्र लावत होतो. लाथेचा आवाज मला आलाच नाही. लव्हॉनच्या तोंडून सगळी हवा एकदम बाहेर पडली, तो आला. वळून पाहिलं तर ती एक पाय शेणाच्या नालीत टाकून भिंतीला टेकून बसली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "आधी तिचा पाय बांध. मग माझं बघ."

मी खरंच आधी गाईचा पाय बांधला. एक्केचाळीस वर्षं तिचं ऐकायची सवय.

गावातल्या हॉस्पिटलात नर्सनं माझ्या बुटांखाली वर्तमानपत्र पसरलं. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या दिसल्या. पोटात कुठं रक्त साकळलेलं नाही ना, हे बघायला सीटी स्कॅनही काढला. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "बरगडीला प्लास्टर घालत नाहीत. सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि खोकला आला तर उशी पोटाशी धरायची." मी मान हलवली आणि गाडी दाराशी आणायला बाहेर गेलो. तेवढ्या पाच मिनिटांत त्यानं तिला आणखी काही सांगितलं. ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि अशा रीतीनं कळलं की अजून आठवलं तरी कान तापतात.

बेचाळीस गाई. पहाटे एकदा, दुपार कलल्यावर एकदा. दोघं असलो की दोन तास लागतात. एकट्याला साडेतीन लागू लागले. माझे गुडघे सत्तर वर्षांचे आहेत. यंत्र लावायला एकदा बसायचं, काढायला एकदा बसायचं, म्हणजे एका वेळी चौऱ्याऐंशी बैठका. लव्हॉन वासरांना दूध पाजायची, अर्धी अर्धी बादली नेऊन. उशी तिनं कोटाच्या आत पट्ट्यानं बांधून टाकली होती.

"पोटुशी दिसतेस," मी म्हटलं.

"हसवू नकोस, मेल्या. दुखतं."

त्यातच एका गुरुवारी ती एकटीच गावात गेली. "बरगड्या दाखवून येते," म्हणाली. परत आली ती घरात न जाता सरळ वासरांकडे गेली. मी काही विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही. विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते आपल्याला ऐकावं लागतं.

दर दुसऱ्या मंगळवारी गुरांचे डॉक्टर हाउगेन गाभण तपासणीला येतात. उंच माणूस, साठी उलटलेली, बायको जाऊन सहा वर्षं झाली. डोळ्यांवर जाड काळा गॉगल चढवतात, त्यात सोनोग्राफीचं चित्र दिसतं. हात खांद्यापर्यंत गाईच्या आत, मान वर, तोंड भिंतीकडे. "चाळीस दिवस. जिवंत." पुढची गाय. "रिकामी." पुढची. "रिकामी, आणि आता राहणार नाही." या तिन्हीला त्यांचा आवाज एकच असतो. शेवटचं वाक्य ज्या गाईचं, ती शनिवारच्या ट्रकनं कत्तलखान्यात जाते. मी मागं वही घेऊन लिहीत जातो. मी त्यांना डॉक्टर म्हणतो, अहोजाहो करतो. लव्हॉन त्यांना जेरी म्हणते. शाळेत दोघं एका वर्गात होते.

त्या मंगळवारी तपासणी संपल्यावर मी गव्हाणी झाडून दूधघरात आलो. दुधाच्या टाकीच्या झाकणावर डॉक्टरांचा लॅपटॉप उघडा होता. दोघं त्यावर वाकलेले, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. लव्हॉनच्या हातात डॉक्टरांची पेन्सिल होती. पडद्यावर करडं-काळं चित्र. असली चित्रं मीही आता ओळखतो थोडीफार.

"ही कुठली?" मी विचारलं. "कितव्या जागेवरची?"

टाकीत दूध ढवळणारं पातं तेवढं फिरत होतं.

"ही मी आहे, एल्डन," लव्हॉन म्हणाली.

डॉक्टर लॅपटॉप मिटायला गेले. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "असू दे. बघू दे त्याला."

मग तिनंच सांगितलं. लाथेच्या दिवशीच्या सीटीत लिव्हरवर एक डाग दिसला होता, अक्रोडाएवढा. बरगड्यांच्या एक्स-रेत असलं काही दिसत नाही, त्यात हाडं दिसतात. गुरुवारी सोनोग्राफी केली, तिच्यात डाग आहे एवढंच कळलं, कसला ते कळेना. आता मोठ्या चुंबकाचं मशीन, एमआरआय. ते ट्रकवर बसवलेलं आहे, गावोगाव फिरतं, आमच्याकडे बुधवारी येतं. पुढच्या बुधवारी तिचा नंबर होता.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, हे मी हिला चारदा सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "हिनं या चित्रांची सीडी आणून माझ्या गाडीत टाकली आणि निघून गेली."

"काय असेल?" मी विचारलं. त्यांना नाही, टाकीला विचारल्यासारखं.

"दोन शक्यता आहेत. एक, रक्तवाहिन्यांचं गाठोडं. बऱ्याच बायकांना असतं, जन्मभर असतं, त्यानं कोणी जात नाही. दुसरी..."

"कॅन्सर म्हण, जेरी. मघाशी म्हणालास की."

"कॅन्सर," डॉक्टर म्हणाले. "त्या मशीनमध्ये हातात औषध टोचून लागोपाठ फोटो काढतात. औषध डागात कसं भरतं ते बघायचं असतं. कडेनं सुरू होऊन सावकाश आत भरत गेलं, तर ते गाठोडं. सगळं एकदम उजळलं आणि लगेच धुऊन गेलं, तर बहुतेक दुसरं. खरं ते त्यांचे डॉक्टर सांगतील."

आवाज तोच. चाळीस दिवस, रिकामी, आता राहणार नाही.

मला आधी भीती वाटायला हवी होती. पण आधी राग आला. एक्केचाळीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिचं आतलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि या माणसानं ते पाहिलं होतं. माझ्या दूधघरात, माझ्या टाकीवर कोपरं टेकून. आणि मी गाय समजलो. भीती नंतर आली, दुपारच्या दुधाला, सतराव्या गाईपाशी. तिच्या कुशीला कपाळ टेकून मी बसून राहिलो आणि यंत्र नुसती हवा ओढायला लागलं तेव्हा भानावर आलो.

डॉक्टर कॉफी पिऊन गेले होते. त्यांचा कप मी दोनदा धुतला.

जेवताना मी म्हटलं, "गुरुवारी तू बरगड्या दाखवायला गेली होतीस."

"दाखवल्या की. बरगड्याही दाखवल्या."

"मला सांगायचं."

"सांगणार होते."

"त्यांच्यानंतर."

ती ब्रेडला लोणी लावत होती. लावून झाल्यावरही सुरी फिरवत राहिली. "मीठ दे इकडे," म्हणाली.

पुढच्या दिवसांत मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. डॉक्टरांचा निळा ट्रक रस्त्यानं गेला की तो आमच्या वळणाशी हळू होतो का हे मी गोठ्याच्या दारातून पाहायचो. फोन वाजला की बादली ठेवून कान द्यायचो. एकदा ती फोनवर हसली, बरगडी धरून. मार्नीचा, आमच्या मुलीचा फोन होता. तरीही मी विचारलं, "कोण होतं?"

"पोप," ती म्हणाली. आम्ही ल्युथरन आहोत, पोपला न मानणारे.

शनिवारी हरणांची शिकार सुरू झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे टपालपेटीपर्यंत जायचं तरी नारिंगी जाकीट घालतात, नाहीतर कोणीतरी हरीण समजून गोळी घालायचा. मी नारिंगी जाकीट चढवून गावातल्या वाचनालयात गेलो. पुस्तक हे माझं एकच हत्यार आहे, आणि तेही मी नेहमी उशिरा उपसतो. चुंबकाच्या मशीनवरची दोन पुस्तकं मिळाली. तीन संध्याकाळी बसून वाचली, वहीत उतरवून घेतली. शरीरात पाणी असतं, पाण्यात हायड्रोजन असतो, त्याचे कण भोवऱ्यासारखे फिरतात, चुंबकात ते एका रांगेत उभे राहतात, मग लहरींनी त्यांना धक्का द्यायचा आणि परत रांगेत येताना ते जो संकेत देतात त्याचं चित्र करायचं. किरण नाहीत, भाजणं नाही. हाडांना एक्स-रे बरा, घाईला सीटी बरा, आणि मऊ मांसातला फरक ओळखायला हे. हाउगेनला यातलं निम्मंही ठाऊक नसेल, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

लव्हॉनला बंद जागेचं भय आहे. कित्येक वर्षांपूर्वी ती मक्याच्या कोठीत कमरेपर्यंत रुतली होती. तेव्हापासून ती लिफ्टमध्येही पाय ठेवत नाही. मशीनच्या बोगद्यात शिरताना सोबत एक माणूस चालेल, असं हॉस्पिटलनं कळवलं होतं.

"जेरी येतो म्हणालाय," मंगळवारी ती म्हणाली. "तुला इथं काम आहे."

"मी येणार."

"तुझे गुडघे..."

"मी येणार, लव्हॉन."

तिनं माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "बरं मग. दाढी कर."

बुधवारी निघायच्या वेळी कानात चौऱ्याऐंशी नंबरचा बिल्ला असलेली कालवड चारा सोडून पाठ वाकवून कण्हत उभी होती. तारेचा तुकडा किंवा खिळा गिळला की जनावर असं करतं. याला आमच्याकडे जुना उपाय आहे, बोटाएवढा चुंबक गाईला गिळायला देतात. तो पोटात जन्मभर राहतो आणि लोखंड धरून ठेवतो, काळजापर्यंत जाऊ देत नाही. मी नळीनं एक चुंबक तिच्या घशात सोडला. डबीत दोन होते. दुसरा जाकिटाच्या खिशात टाकला आणि हात धुऊन गाडीत बसलो.

वाटेत मी लव्हॉनला सगळं समजावून सांगितलं. भोवरे, रांग, लहरी. ती खिडकीतून कापलेल्या मक्याची धसकटं बघत होती.

"कळलं का?" मी विचारलं.

"जेरीनं एका वाक्यात सांगितलं होतं."

"काय?"

"एरवी गाय चुंबक गिळते. इथं चुंबक गाय गिळतो."

ती हसली आणि उशी दाबून धरली. मी हसलो नाही. वाक्य चांगलं होतं, म्हणूनच.

हॉस्पिटलच्या बाकांवर नारिंगी जाकिटांची रांग होती. कोणाचं बोट चाकूनं कापलेलं, कोणी झाडावरच्या मचाणावरून पडलेला. मशीनवरची मुलगी ब्रिजेट हातात कागद घेऊन आली आणि तिनं आम्हा दोघांना प्रश्न विचारले. हृदयात यंत्र? नाही. अंगात स्क्रू, पट्टी, छर्रा? नाही. कधी लोखंड घासायचं काम केलंय? डोळ्यात कण गेलाय?

"नाही," मी म्हटलं.

"मार्नी झाली त्या साली," लव्हॉन म्हणाली. "गवत कापायची पाती घासताना. आठ दिवस एका डोळ्यानं दूध काढत होता."

"तो काढला होता."

"मिस्टर ब्रेक्के, अर्धा राहिला असेल तर आत चुंबकात तो हलेल आणि डोळा जाईल," ब्रिजेट म्हणाली. "आधी डोळ्यांचा एक्स-रे."

तर माझंही चित्र निघालं. दोन रिकाम्या खोबणी आणि दात. कण नव्हता. मी परत येऊन लव्हॉनला म्हटलं, "आत काही नाही म्हणे."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मग आम्हाला हॉस्पिटलचे झगे दिले, मागं नाड्या असलेले. पट्टा, घड्याळ, चष्मा, नाणी, लग्नाची अंगठी, सगळं मी काढून पेटीत ठेवलं. अंगठी बोटाच्या सांध्यावरून निघेना, साबण लावावा लागला. वाचलेलं सारं मला आठवत होतं. चूक झाली ती त्यानंतर. ट्रक मागच्या आवारात उभा होता, पन्नास पावलांवर. लव्हॉनला ब्रिजेटनं ब्लँकेट दिलं. वारा झग्यात शिरत होता आणि माझी पाठ उघडी. मी बाकावरचं नारिंगी जाकीट उचलून खांद्यावर टाकलं. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणीही घराबाहेर पडताना तेच केलं असतं.

ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला आणि दाराशी बसवलेली, लोखंड हुडकणारी घंटा किंचाळली.

"मागं!" ब्रिजेट ओरडली. "मागं व्हा! खाली!"

मी गडबडलो. जाकीट घसरलं, कठड्यावर आपटलं आणि तिथंच चिकटलं, लोंबकळत राहिलं. ब्रिजेटनं खिशात हात घालून चुंबक बाहेर काढला. सोडवायला तिला दोन्ही हात लावावे लागले. आवारात दोघं शिकारी सिगारेट ओढत होते, ते बघत राहिले. वाऱ्यानं माझा झगा मागून पार उघडला होता.

"माझ्या बापाच्या गाईंच्या पोटातही होते हे," ती म्हणाली. "हे आत गेलं असतं तर गोळीसारखं उडालं असतं. आणि तिथं आत कोणाचं डोकं असतं, ठाऊक आहे? हिचं."

"लोखंड आहे का, असं तुम्ही विचारलंत," मी म्हटलं. "हे... हे लोखंडासाठीचं औषध आहे. माझ्या लक्षातच..."

"पुस्तकात नव्हतं?" लव्हॉननं विचारलं.

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती म्हणणार, जेरीला बोलवा. ब्रिजेटही तिच्याकडेच बघत होती.

"याला आत घ्या," लव्हॉन म्हणाली. "आता याच्याकडे लपवायला काही उरलं नाही."

मशीन म्हणजे एक पांढरं भोक. लव्हॉनला पाठीवर झोपवून, पोटावर जड पट्टा बांधून आत सरकवलं. बाहेर फक्त पाय राहिले, जाड मोज्यांतले. मला कानांत बोळे घालून पायथ्याशी स्टुलावर बसवलं. ब्रिजेट काचेपलीकडून बोलायची, "श्वास घ्या. सोडा. आता थांबा." मग मशीन ठोकायला लागायचं. अठरा-वीस सेकंद श्वास रोखायचा. मोडक्या बरगड्यांनी ते कसं व्हायचं? पहिल्या खेपेला ती दहाव्या सेकंदाला खोकली. दुसऱ्या खेपेला आतून हुंदका आला. तिचे पाय आखडले.

"लव्हॉन," काचेमागून आवाज आला, "चित्र फिसकटलंय. औषध एकदाच देता येतं. त्या वेळी हललात तर आज काही कळणार नाही. जमेल? की थांबवू?"

मी तिचा घोटा धरला. तिचे पाय मी किती वर्षांत हातात धरले नव्हते. बोललेलं तिला ऐकू आलं नसतं. मग अंगठ्यानं मी तिच्या तळव्यावर ठोका धरला. दूध काढायच्या यंत्राचा ठोका, सेकंदाला एक, टक-टिक, टक-टिक. तो आम्हा दोघांना घड्याळाशिवाय येतो. निम्मं आयुष्य आम्ही त्याच ठोक्यात काढलंय. हळूहळू तिचा अंगठा माझ्या अंगठ्याला उत्तर द्यायला लागला.

"थांबा," ब्रिजेट म्हणाली. मशीन ठोकू लागलं. टक-टिक. नऊ. दहा. अकरा. तिची बोटं माझ्या हातात वाकडी झाली, पण पोट हललं नाही. सतरा. अठरा. "घ्या श्वास." मग औषध टोचलं, आणि तसंच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेवटी माझा अंगठा बधिर झाला होता.

हाउगेन आला असता तर त्याला हे सुचलं नसतं, असं माझ्या मनात आलं. बायको त्या भोकात जिवाच्या आकांतानं श्वास धरून पडली होती, आणि माझ्या मनात हे आलं.

गुरुवारी टर्कीच्या जेवणाचा सण, शुक्रवारी सुट्टी. निकाल सोमवारी. सणाला डॉक्टर हाउगेन दरवर्षी आमच्याकडे जेवायला असतात. भट्टीतून टर्की काढायला लव्हॉनला वाकता येईना, मी हात धुईपर्यंत त्यांनी ती काढून ठेवली होती. कापलीही त्यांनीच, सांध्यावर बरोबर सुरी घालून. चुंबकाची गोष्ट लव्हॉननं रंगवून सांगितली, झग्यासकट. डॉक्टर हसले नाहीत. "तेवढा वेळ तिनं श्वास धरला?" त्यांनी मला विचारलं. "मोडक्या बरगड्यांनी?" मी नुसती मान हलवली. ठोक्याचं मी सांगितलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

ते गेल्यावर ती भांडी धूत होती, मी पुसत होतो.

"का त्यांना?" मी म्हटलं. "मला का नाही?"

ती बराच वेळ एकच ताट धूत राहिली.

"डॉटीची आई आठवते? जेरी म्हणाला, आता राहणार नाही. तू तीन दिवस तिच्याकडे बघितलं नाहीस. जेरी मात्र तसाच. त्याचा चेहरा बदलत नाही रे. राहील की जाईल, दोन्हीला तोच चेहरा. मला ते चित्रात बघायचं होतं, एल्डन. तुला दाखवलं असतं तर मी चित्राकडे बघितलंच नसतं, तुझ्याकडे बघत बसले असते. आणि तुझ्या तोंडावर आधी वाईटच उमटतं."

"म्हणजे मी..."

"म्हणजे काही नाही. मी त्याची एक गाय, एवढंच. बरं वाटलं मला, कोणाची तरी नुसती गाय असणं." तिनं ताट माझ्या हातात दिलं. "पूस ना."

सोमवारी सकाळी मी नाली साफ करत होतो. चौऱ्याऐंशी नंबर चारा खायला लागली होती. गोठ्याचं दार उघडलं. लव्हॉन घरच्या सपातांतच बर्फातून आली होती, उशीशिवाय.

"कडेनं भरलं," ती म्हणाली. "हॉस्पिटलचा फोन होता. कडेनं, सावकाश. शेवटच्या फोटोपर्यंत भरतच होतं म्हणे."

मी फावडं टेकवून ठेवायला गेलो, ते पडलं. मग आम्ही डॉटीच्या मागं उभे राहिलो. मी तिला धरलं, ती म्हणाली "बरगड्या, बरगड्या," तेव्हा सैल धरलं. डॉटीनं मागं वळून पाहिलं आणि परत चाऱ्यात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, तपासणीचा. डॉक्टर आले, गॉगल चढवला, लांब मोजा खांद्यापर्यंत ओढला. मी वही घेतली. सोमवारी दिवसभर ती फोनपाशी होती. तिनं त्यांना कळवलं असणारच, हे मी धरून चाललो होतो.

"लव्हॉन कुठाय?" त्यांनी विचारलं. हात गाईच्या आत, तोंड भिंतीकडे.

"घरात."

"कळलं काही?"

माझा पेन थांबला. त्यांना ठाऊक नव्हतं. या सगळ्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे त्यांच्याकडे नव्हतं.

"ही कशी आहे?" मी विचारलं. "अठरावी."

"रिकामी." पुढची गाय. "एल्डन, काल फोन यायचा होता ना?"

"एकोणिसावी," मी म्हटलं.

"पन्नास दिवस. जिवंत." पुढच्या गाईपाशी येताना त्यांचा बूट नालीत घसरला. कधी घसरत नाही. "अरे, मी विचारतोय."

"विसावी," मी म्हटलं.

त्यांनी हात घातला, पण काही बोलले नाहीत. चढवलेल्या गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते. गाय शेपूट हलवत होती. मी मोजत होतो, ठोक्यात. अठरापर्यंत मोजलं.

"कडेनं भरलं, डॉक्टर," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले, खांद्यापर्यंत आत, कपाळ गाईच्या पाठीला जवळजवळ टेकलेलं. मग मोकळ्या हातानं त्यांनी गॉगल वर सारला आणि भिंतीकडे पाहत डोळे दंडाला पुसले. पुन्हा पुसले. माझ्याकडे वळले तेव्हा तो चेहरा मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांचा सगळा चेहरा तिथं एका जागी गोळा झाला होता आणि त्याला कुठं जावं कळत नव्हतं. मला तो दिसायला नको होता.

"किती दिवस म्हणालो मी हिला?" त्यांनी विचारलं. आवाज फाटला होता.

"अजून काही म्हणाला नाहीत."

त्यांनी गॉगल खाली ओढला. बराच वेळ लागला. "छत्तीस दिवस," ते म्हणाले. "जिवंत."

मी लिहून घेतलं.

कॉफीला ते थांबले नाहीत, पुढं दुसऱ्या गोठ्यात जायचं आहे म्हणाले. दुपारी जेवताना लव्हॉननं विचारलं, "जेरीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मी मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, तुला सांगायचं असेल."

मी ब्रेडचा आणखी एक तुकडा मोडला.

"मग? काय म्हणाला?"

"छत्तीस दिवस, म्हणाले. विसावी."

ती हसली, या वेळी बरगडी न धरता. "आणि चेहरा?"

खिडकीबाहेर बर्फ पडायला लागलं होतं आणि तिच्या ताटाजवळ पेन्सिल पडली होती, डॉक्टरांचीच, त्या आधीच्या मंगळवारची.

"नेहमीसारखाच," मी म्हटलं, आणि मिठाची बाटली तिच्याकडे सरकवली.